ठिगळ कुठवर लावायचं?

तिन्हीसांजेला सुई हातात घेऊ नये. अंगावरचा कपडा अंगावरच शिवू नये, आणि शिवायलाच लागला तर दातात दोरा धरावा. आमच्या पिढीतल्या बहुतेकींनी हे आई-आजीकडून ऐकलेलं असणार. त्यात शकुन-अपशकुनाचा भाग होताच, पण व्यवहारही होता. दिवेलागणीच्या अंधुक उजेडात सुई हातातून पडली की सापडायची नाही, आणि सकाळी रांगत्या पोराच्या गुडघ्यात जायची. तोंडात दोरा धरला की माणूस बोलत नाही, हलत नाही, म्हणजे टोचतही नाही. असे नियम निघाले, कारण सुई घरात रोज कुणाच्या ना कुणाच्या हातात असायची. आज किती घरांत ओवलेली सुई मिळेल? पुष्कळ ठिकाणी लग्नाच्या हॉलमधून किंवा हॉटेलातून आणलेली ती काडेपेटीएवढी डबी निघते. तीत चार रंगांचे वीतभर दोरे आणि एक शर्टाचं बटण असतं. बस्स, एवढाच संसार!

मध्यंतरी आमच्या सोसायटीतली एक मुलगी जीन्स घेऊन आली. नोकरी करते, चांगली हुशार आहे. "काकू, मांडीला घासून विरलीय. टेलर म्हणतो नवीन घ्या. काही होईल का?" भोक अजून पडलं नव्हतं, पण उजेडासमोर धरल्यावर पलीकडची खिडकी दिसत होती. आतून जुन्या जीन्सचा तुकडा लावला, त्यावर मशीनने जवळजवळ उभ्या टिपा मारल्या, झालं. अर्ध्या तासाचं काम. तिनं मला असं काही बघितलं की जणू मी ऑपरेशन केलंय. नंतर विचारते, "काकू, रफू म्हणजे हेच का?" नाही गं बाई, रफू वेगळं, ठिगळ वेगळं आणि दंड वेगळा. तिला सांगायला लागले आणि लक्षात आलं की हे शब्द आता कुणाला सांगावे लागतात.

त्यातला 'दंड' हा शब्द तर जवळजवळ गेलाच. माझ्या आजीच्या रोजच्या लुगड्यांपैकी बिनदंडाचं एखादंच असेल. नऊवारी लुगडं सगळीकडे सारखं झिजत नाही. बसून, काम करून मागचा काष्ट्याचा भाग आधी विरतो. पदर आणि आतलं टोक मात्र चांगलं राहतं. मग मधला विरलेला पट्टा आडवा कापून काढायचा आणि दोन धडकी टोकं एकमेकांना जोडायची. ती जोडशिवण म्हणजे दंड. आजी हा दंड दुहेरी दुमडून इतका चपटा घालायची की बसताना रुतत नसे, आणि नेसताना तो निऱ्यांत जाईल असं बघायची. आठवारी झालेलं ते लुगडं आणखी दोन वर्षं जायचं. काढलेला विरका पट्टा वाया जायचा नाहीच.

दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणलं. त्या 'कंट्रोल'च्या दिवसांत माझी आजी नवी सून होती. त्या काळातल्या बायकांनी दंड घातलेली लुगडी हौसेनं नेसली असं कुणी म्हणू नये. लाजच वाटायची. सणाला शेजारणीकडे जाताना दंड दिसू नये म्हणून किती आटापिटा! जुन्या काळातल्या काटकसरीचं आपण आता कौतुक करतो, तिला 'पर्यावरणपूरक' वगैरे म्हणतो, पण त्यात पुष्कळशी नाइलाजाची गोष्ट होती हे विसरून चालणार नाही.

तरी एक मात्र खरं, त्या नाइलाजातून कापड ओळखायची नजर तयार झाली. लुगडं विरलं की त्याचं परकर-पोलकं. ते फाटलं की बाळंतिणीसाठी बाजूला काढायचं, कारण बाळाच्या अंगाला नवं कापड टोचतं. दुपटी, लंगोट, झबली सगळी जुन्या सुती लुगड्याची. त्यानंतर गोधडीचं अस्तर, मग भांडी पुसायचं फडकं, मग सारवायचं पोतेरं. अगदीच उरली चिंधी तर देवळातल्या काकड्याला. काकड आरतीतला काकडा म्हणजे चिंधीची पिळून केलेली जाड वातच की! प्रत्येक पायरीला कापड आधीच्या कामातून निवृत्त होत होतं. 'अजून चालेल' आणि 'आता पुरे' हे दोन्ही निर्णय घरातली बाई रोज घेत होती. आता आपण पहिला निर्णय घेतच नाही आणि दुसरा घ्यायला घाबरतो. त्यामुळे कपाट उघडलं की कपडे अंगावर पडतात.

आम्हाला शाळेत शिवणाचा तास होता. बाई खड्डूस होत्या, पण हात तयार करून घेतला. मांजरपाटाच्या तुकड्यांवर धावदोरा, उलटी टीप, हेम, काज, ठिगळ, रफू असे नमुने करून वहीत चिकटवायचे. ठिगळाच्या नमुन्यावर माझा एक मार्क नेहमी जायचा, कारण बाईंचं म्हणणं, ठिगळाचा उभा धागा कापडाच्या उभ्या धाग्यावरच बसला पाहिजे. तेव्हा हा छळ वाटायचा. पण त्यामागे कारण आहे. कापड उभं आणि आडवं वेगवेगळं ताणतं, आटतं. ठिगळ तिरकं बसलं तर पहिल्या धुण्यातच भोवती चुण्या पडतात आणि चुण्यांच्या कडेनं कापड पुन्हा फाटतं. तसंच जुन्या कपड्याला कोरं करकरीत ठिगळ लावायचं नाही. नवं कापड आटतं, शिवाय ते जाड आणि ताठ असतं. त्याच्या ओढीनं बिचारं जुनं कापड टाक्याशी टरकतं. जुन्याला जुनंच लावायचं, किंवा नवं असेल तर आधी दोनदा धुऊन घ्यायचं.

रफूचं तंत्र सांगायला सोपं आहे, करायला चिकाटी लागते. भोकाच्या पुढे चांगल्या कापडात अर्धा-पाऊण इंच सुरुवात करायची, गाठ मारायची नाही. आधी सगळे उभे धागे भरून घ्यायचे, मग आडवा धागा एकावरून एकाखालून असा विणत न्यायचा. दर ओळीच्या टोकाला बारीकसा नाका सैल सोडायचा. ओढून घट्ट केलंत तर धुतल्यावर तो भाग आवळतो. धागा कुठून आणायचा? त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून किंवा खाली दुमडलेल्या भागातून. रंग आणि जाडी दोन्ही जुळतात, बाजारात हिंडावं लागत नाही. आणि कपडा आधी धुऊन मगच शिवायचा. मळक्या कापडावर रफू करणं म्हणजे न आंघोळ करता नवी साडी नेसणं.

यातले खरे उस्ताद म्हणजे रफूगर. उत्तर प्रदेशातलं नजीबाबाद हे त्यांचं गाव. काश्मिरी शाली, जामेवार यांचं रफू करणारी घराणी तिथून देशभर हिंडतात. प्रिया रविश मेहरा या वस्त्रकलावतीनं या लोकांच्या कामाचा पाठपुरावा केला, त्यांचं काम प्रदर्शनांतून लोकांसमोर आणलं. त्या 2018 मध्ये गेल्या. रफूगराची गंमत अशी की काम जितकं उत्तम तितकं ते दिसत नाही, म्हणून त्याचं नावही कुठे राहत नाही. आमच्या भागात लोकरी कोटाचं रफू करणारे एक चाचा होते. कसरीनं खाल्लेल्या जागी ते असा धागा भरायचे की घरी आल्यावर भोक कुठं होतं ते शोधावं लागायचं. त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यात गेली. नेमकी कोणाची चूक म्हणायची? दोन तासांच्या कामाचे दोनशे रुपये मागितले की आपणच म्हणतो, "एवढ्यात तर नवीन टी-शर्ट येतो."

येतो, खरंच येतो. पण तो टी-शर्ट रफू करून बघा. आजकालची पातळ होजियरी, लायक्रा मिसळलेलं कापड, सुई टोचली की तिथेच फासा सुटतो. पॉलिस्टर फाटत नाही, नुसते गोळे धरतं आणि वर्षानुवर्षं जिवंत राहतं. रेयॉनचे कुर्ते अंगाला छान मऊ लागतात, पण रेयॉन ओलं असताना कमजोर होतं. ते पिळलंत की खांद्याशी, काखेत फिसकलंच म्हणून समजा. उलट सूत ओलं असताना जास्त मजबूत असतं, म्हणून तर आपल्या आया दगडावर धोतरं आपटून धुवायच्या आणि ती टिकायची. काय दुरुस्त होईल आणि काय नाही, याचा निम्मा निकाल दुकानात कापड निवडतानाच लागलेला असतो. जाऊ दे, सेलच्या दिवशी हे कोण ऐकतं!

माझ्यापुरतं मी ठरवलंय की रोजच्या वापरातलं सुती काही टाकण्याआधी एकदा उजेडासमोर धरायचं. चादर मध्यभागी विरते, कडा शाबूत राहतात. मग ती मधोमध उभी चिरायची, बाहेरच्या दोन्ही कडा आत आणून त्यांना दुहेरी टिपेचा दंड घालायचा आणि विरलेली बाजू दोन्हीकडे नेऊन हेम घालायचं. दोन-तीन इंच रुंदी जाते, पण गादीवर खोचता येते. शर्टाची कॉलर मानेशी झिजली की उसवून उलटी लावायची. पूर्वी हे काम कुठलाही टेलर करायचा, आता विचारून बघा, तो तुमच्याकडे संशयानं बघेल. टर्किश टॉवेल कडेनं आधी जातो, त्याचे हातरुमाल चांगले होतात, फक्त कापल्याबरोबर कड दुमडून शिवा, नाहीतर घरभर धागे. रेशमी साड्यांची घडी दर दोन-तीन महिन्यांनी मोडून दुसरीकडे घाला, कारण जर आणि रेशीम घडीवरच तुटतं. खळ घालून कुठलंच कापड ठेवून देऊ नका. खळ म्हणजे किड्यांना आमंत्रण. रेशीम एकदा घडीवर चिरायला लागलं की त्याला रफू धरत नाही. मागून तलम मलमलचं अस्तर लावलं तर दोन-चार समारंभ निघतात, तेवढंच.

माझी मुलगी या सगळ्यावर हसते, पण तिनंही परवा स्वेटरच्या कोपरावरचं भोक मुद्दाम पिवळ्याधमक लोकरीनं भरलं. दुरुस्ती लपवायची नाही, दाखवायची, अशी म्हणे आता पद्धत आहे. जपानमधल्या जुन्या शिवणीवरून आलेली. "आजीच्या दंडासारखंच की गं," मी म्हटलं. "नाही आई, त्या लपवायच्या," ती म्हणाली. बरोबर आहे तिचं.

आता टाकायचं कसं, हा खरा प्रश्न. भोकाच्या बाजूचं कापड दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ताणा. 'टर्र' झालं तर रफू धरणार नाही, तिथे वेळ घालवू नका. रफूवर पुन्हा रफू करायची वेळ आली की समजावं कपड्यानं सांगून टाकलंय. पूर्वी दारावर बोहारीण यायची. आमच्याकडे येणारी बहुधा वाघरी समाजातली असे, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली. एका पातेल्यासाठी चार साड्या, दोन पँटी, "आणि एक शर्ट घाला ताई" असा तास-तासभर वाद. पण ती प्रत्येक कपडा उलटून बघायची, शिवण तपासायची. तिच्या हातून तो धुऊन, शिवून पुन्हा बाजारात जायचा. लोकरीचे कपडे तर पानिपतला जातात, तिथे ते फाडून, पिंजून, पुन्हा कातून ब्लँकेटं होतात.

आता बोहारीण क्वचित दिसते आणि आपण 'दान' करतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा आमच्या भागातल्या मंडळात कपडे निवडायला आम्ही काही जणी बसलो होतो. चेन तुटलेल्या पँटी, एकेकटे मोजे, डाग पडलेले ब्लाऊज, कधीकाळचे लग्नातले लेहंगे. ज्यांच्या घरात छातीएवढं पाणी शिरलंय त्या बाईनं लेहंगा घालून चिखल काढायचा का? निम्म्याहून जास्त आम्ही परत बांधून ठेवले. अंशू गुप्तांची 'गूंज' ही संस्था 1999 पासून कपड्यांचंच काम करते. तिथे सुती कपड्यांपासून पाळीसाठीच्या घड्या शिवतात, हे वाचल्यापासून मी सुती आणि इतर असे दोन ढीग वेगळे ठेवते. टाकण्याआधी धुणं, बटण लावणं, एवढं तरी आपलं काम.

हे सगळं शहाणपण मी दुसऱ्यांना सांगते, पण एका गोष्टीपाशी येऊन माझीही सुई थांबली. सासूबाईंची गोधडी.

शेवटची तीन वर्षं त्यांना विस्मरणाचा आजार होता. माणसं ओळखायच्या नाहीत, पण गोधडी बदलली की लगेच कळायचं. दिवसभर तिचे टाके बोटांनी उसवत बसायच्या. एकेक दोरा ओढून काढायचा आणि उशाशी ठेवायचा. डॉक्टर म्हणाले, हातांना चाळा लागतो, काढून घेऊ नका. त्या दुपारी झोपल्या की मी उसवलेल्या जागी धावदोरा घालायची. त्या उठून पुन्हा काढायच्या. असं रोज. यजमान म्हणायचे, कशाला जीव काढतेस, राहू दे उसवलेली. पण उसवलेल्या गोधडीत त्यांचा पाय अडकायचा, आणि खरं सांगायचं तर त्या दुपारच्या शांत तासात मलाही काहीतरी नीट करता येतंय असं वाटायचं. एकदा त्यांनी माझे टाके बोटांनी चाचपले आणि म्हणाल्या, "मोठे पडलेत." वर्षभरात त्या माझ्याशी बोललेलं तेवढं एकच धड वाक्य.

2022 मध्ये त्या गेल्या. मी म्हटलं, आता गोधडी ठेवण्यात अर्थ नाही, वरचं कापड पिठासारखं झालंय, धुतली तर हातात चोथा येईल. मोठ्या जाऊबाई वाईच्या घरी राहतात, त्या ऐकेनात. "अगं, तू तीन वर्षं शिवलीस, आणि तूच टाकायला निघालीस?" म्हटलं, "वहिनी, मी शिवली म्हणूनच सांगते." या एका वाक्यावरून आमच्यात चार महिने फोन नव्हता. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मग पुढच्या मे महिन्यात त्यांनीच बोलावलं. वाईच्या गच्चीवर दोघींनी मिळून गोधडी उसवली. वर हिरवं सुती इरकल, खाली मांजरपाट. आत सासऱ्यांची दोन धोतरं, दिरांच्या शाळेच्या खाकी चड्ड्या उसवून पसरलेल्या. आणि सगळ्यांच्या मधे आणखी एक गोधडी, अख्खी, लहानशी. जुनी गोधडी नव्या गोधडीत भरायची रीत असते हे ऐकलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं. ती सासूबाईंच्या हातची नव्हती. त्यांचा टाका तांदळाएवढा आणि एका ओळीत, हा लांबट आणि वेडावाकडा. गोधडीचे टाके कडेनं सुरू होऊन फेऱ्या घेत मध्यावर जातात. सासूबाईंच्या फेऱ्या उजवीकडून, या मात्र उलट दिशेनं फिरलेल्या. आमच्या आजेसासूबाई डावखुऱ्या होत्या का? सांगायला आता घरात कुणी उरलेलं नाही.

ती आतली गोधडी हातात धरवत नव्हती, नुसती धूळ आणि तंतू, वहिनींना ठसका लागला. ती आम्ही परसातल्या आंब्याच्या आळ्यात घातली. निव्वळ सूत ते, मातीत गेलं. मांजरपाटही गेलं. इरकलचे काठ मात्र धडधाकट निघाले, धोतरांतलंही अर्धं कापड चांगलं आहे. वहिनींचं म्हणणं, यातूनच नवी गोधडी करायची. माझं म्हणणं, जुनं कापड आत भरायला ठेवा, वर-खाली दणकट सुती हवं, नाहीतर दोन हिवाळ्यांत पुन्हा हेच. शिवाय वरच्या इरकलचा विरलेला अर्धा भाग त्यांनी अजून ट्रंकेत ठेवलाय, तो मी टाकायला सांगते आणि त्या विषय बदलतात.

दोन वर्षं झाली, वाद मिटलेला नाही, पण फोन चालू आहेत. यंदाच्या मे महिन्यात मी आठवडाभर वाईला जाणार आहे. वहिनींनी चष्म्याचा नंबर तपासून घेतलाय, स्वतःच्या दोन सुती साड्या धुऊन खळ काढून ठेवल्यात. अंगुस्तान त्यांच्याकडे आहे. गोधडीच्या दोऱ्याची रिळं मी पुण्याहून न्यायची आहेत, पांढरी चार आणि लाल एक.